कापडावरील छपाई आणि रंगांचा पक्केपणा

कापडाच्या ठराविक भागांवर ठराविक आकृतिबंधानुसार रंग बसविण्याच्या क्रियेस कापडछपाई असे म्हणतात. सबंध कापड रंगाच्या द्रावात बुडविले, तर ते रंगविणे होय. तोच रंग नक्षीच्या कडांच्या आत राखून तंतूंमध्ये पक्का करणे म्हणजे छपाई होय. त्यामुळे छापणाऱ्यापुढे दोन परस्परविरोधी गरजा असतात. नक्षीची रेघ फुटू नये म्हणून रंग खळीसारखा दाट असावा लागतो. उलट तंतूच्या अंतर्भागात रंग शिरावयाचा, तर तो पातळ असावा लागतो व त्यास पुरेसा वेळ मिळावा लागतो. छपाईच्या निरनिराळ्या पद्धतींनी ही ओढाताण निरनिराळ्या प्रकारे सोडविली आहे. कोणत्याही छापील कापडाचा रंग किती उठावदार दिसेल आणि किती काळ टिकेल, हे केवळ रंजकावर अवलंबून नसून रंजक व तंतू यांचा दुवा कसा जोडला यावर अवलंबून असते. छपाईचा इतिहास हा मुख्यतः या दुव्याचा इतिहास आहे.

पक्केपणाचे स्वरूप : ज्या रंगावर ऊन, धुलाई, घाम व घर्षण यांचा परिणाम होत नाही किंवा अल्प होतो, त्यास व्यवहारात ‘पक्का’ रंग व जो लवकर विटतो किंवा सुटतो त्यास ‘कच्चा’ रंग म्हणतात. या कसोट्या परस्परांहून भिन्न आहेत. एखादा रंग उन्हात न विटणारा, परंतु ओल्या फडक्याने चोळताच सुटणारा असू शकतो. तर एखादा अनेक धुलायांत टिकूनही खिडकीतील उजेडाने फिका पडतो.

सुती कापडाचा तंतू सेल्युलोजाचा असतो आणि बहुतेक नैसर्गिक रंजकांची त्याच्याशी आसक्ती अत्यल्प असते. लोकर व रेशीम हे प्राणिज तंतू अनेक रंजके सहज धरून ठेवतात, सूत मात्र धरीत नाही. म्हणून सुतावर रंग पक्का करण्यासाठी चार मार्ग योजिले गेले. पहिल्यात ॲल्युमिनियम किंवा लोह यांसारख्या धातूचे लवण तंतूवर आधी बसवून त्याच्याशी रंजकाचा संयोग घडवितात. या लवणास रंगबंधक म्हणतात. दुसऱ्यात न विरघळणारा रंग तात्पुरता विरघळविण्याजोगा करून तंतूत शिरवितात व तेथेच पुन्हा अविद्राव्य करतात. नीळ हे याचे उदाहरण होय. तिसऱ्यात रंजक व सेल्युलोज यांच्यात प्रत्यक्ष रासायनिक बंध निर्माण करतात. चौथ्यात रंगाचे कण चिकट द्रव्याच्या पातळ थराने कापडाच्या पृष्ठभागावर चिकटवितात. यांपैकी पहिले दोन मार्ग प्राचीन असून शेवटचे दोन विसाव्या शतकातील आहेत.

भारतीय पद्धती : मोहें-जो-दडो येथील उत्खननात चांदीच्या भांड्यास चिकटून राहिलेले सुती कापडाचे अवशेष सापडले. त्यांचे परीक्षण मुंबईत माटुंगा येथील कापूस तंत्रविद्येच्या प्रयोगशाळेत करण्यात आले व त्यांपैकी काहींवर मंजिष्ठवर्गीय लाल रंगाचा अंश आढळला. असा रंग सुतावर टिकावयाचा, तर रंगबंधक आवश्यक असते. यावरून ही विद्या भारतात इसवी सनाच्या दोन सहस्रकांहून अधिक पूर्वीची ठरते. इजिप्तमधील अशाच एका प्रक्रियेचे वर्णन पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने केले आहे. कापडावर प्रथम न दिसणारी द्रव्ये लावतात, मग ते एकाच रंगाच्या उकळत्या कढईत बुडवितात आणि बाहेर येते ते अनेक रंगांचे होऊन, या गोष्टीचे त्याला आश्चर्य वाटले होते. एकाच रंजकाचा तुरटीशी लाल, लोहाशी काळा व दोहोंच्या मिश्रणाशी जांभळट तपकिरी संयोग होतो, हे त्यामागील रहस्य होय. कैरोजवळील फुस्टाट येथे सापडलेले, गुजरातेत छापलेले मध्ययुगीन सुती कापडाचे तुकडे या पद्धतीच्या निर्यातीची साक्ष देतात. त्यांचा अभ्यास आर. फिस्टर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला.

सतराव्या-अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावर तयार होणारी छीट ही या विद्येची परमावधी मानली जाते. तेथील कृतीची तपशीलवार माहिती फ्रेंच नौदल अधिकारी बोल्यू याने १७३४ च्या सुमारास पाँडिचेरीत प्रत्येक टप्प्याचा नमुना घेऊन केलेल्या नोंदींवरून आणि जेझुइट पाद्री कर्दू याच्या १७४२ मधील पत्रावरून मिळते. विरंजित कापड प्रथम हिरड्याचा काढा व म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात भिजवीत. हिरड्यातील टॅनिनामुळे धातूची लवणे तंतूवर बसत आणि दुधातील स्निग्धांशामुळे कलमाने काढलेली रेघ फुटत नसे. नंतर काळ्या रेघांसाठी आंबविलेल्या द्रवात लोखंड कुजवून केलेले लोहद्रावण व लाल भागांसाठी तुरटीचे पाणी कलमाने लावीत. असे कापड ‘चाय’ नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांच्या काढ्यात उकळले, म्हणजे बंधक असलेल्या जागी रंग पक्का बसे. इतरत्र लागलेला रंग शेणाच्या पाण्यात भिजवून व कापड उन्हात पसरून वारंवार ओले केल्याने निघून जाई. निळ्या रंगासाठी निळीखेरीजचा सर्व भाग मेणाने झाकून कापड निळीच्या कुंडात बुडवीत. या सर्व क्रियांना अनेक आठवडे लागत. पण हा काळ वाया जात नसे. बंधक तंतूवर स्थिर होण्यास, जादा बंधक निघून जाण्यास आणि रंजकाचा त्याच्याशी पूर्ण संयोग होण्यास तो आवश्यक असे.

पिवळा रंग मात्र सर्वांत शेवटी, न उकळता, कलमाने लावीत आणि हिरवा रंग निळीवर हा पिवळा चढवून साधीत. आज संग्रहालयांतील जुन्या छिटींवर लाल फुले जवळजवळ मूळच्या तेजाने दिसतात. पण त्यांची पाने निळी असतात. ती मुळात हिरवी होती. पिवळा उडाला व खालची नीळ उरली. एकाच कापडावर, एकाच कारागिराच्या हातून बसलेल्या दोन रंगांचे भवितव्य केवळ बसविण्याच्या पद्धतीमुळे किती भिन्न होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. पक्केपणाची आणखी एक बाजू या छिटींवर दिसते. लोह व टॅनिन यांच्या संयोगाने झालेला काळा रंग टिकतो, परंतु तो हळूहळू तंतूच कमकुवत करतो. त्यामुळे अनेक जुन्या कापडांत काळ्या रेघांच्या जागी कापड झिजून विरलेले आढळते.

ठशांच्या छपाईत हेच रसायन वेगळ्या साधनाने वापरले गेले. लाकडी ठशाने बंधक छापावयाचे असल्याने ते डिंकाने किंवा चिंचोक्याच्या खळीने दाट करावे लागे. कलमापेक्षा काम पुष्कळ जलद होई आणि नंतरच्या उकळण्या-धुण्याच्या क्रिया त्याच राहिल्याने पक्केपणात उणीव येत नसे. सिंध व कच्छमधील अजरख, मध्य प्रदेशातील बाघ आणि आंध्रातील मच्छलीपट्टम् येथील छपाई ही या परंपरेची ठळक उदाहरणे होत. उत्तम अजरखात कापडाच्या दोन्ही बाजूंस नक्षी जुळवून छापतात.

यूरोपातील अनुकरण व बंदी : धुतल्यावरही न विटणारे, हलके व स्वस्त असे हे रंगीत सुती कापड सतराव्या शतकात यूरोपीय व्यापारी कंपन्यांमार्फत यूरोपात पोचले, तेव्हा तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या उपजीविकेवर गदा आली. फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडाच्या आयातीस व देशातील छपाईस बंदी केली, ती १७५९ पर्यंत चालू राहिली. इंग्लंडमध्ये १७०१ पासून आशियातील छापील सुती कापडाचा देशांतर्गत वापर बंद करण्यात आला. मात्र साधे कापड आणून इंग्लंडमध्ये छापण्याची मुभा राहिल्याने तेथील छपाईधंदाच वाढीस लागला. १७१९ मध्ये लंडनमधील विणकरांनी दंगे केले. छिटीचे कपडे घातलेल्या स्त्रियांचे कपडे रस्त्यांत फाडण्यात आले व त्यांवर शाई आणि तेजाब फेकण्यात आले. पुढील कायद्याने १७२२ च्या अखेरीपासून बहुतेक छापील सुती कापड वापरण्यासच मनाई झाली. ही बंदी १७७४ मध्ये उठली. त्या वेळी ब्रिटनमध्ये विणलेल्या निव्वळ सुती कापडाच्या काठात तीन निळे धागे घालण्याचे बंधन होते. बंदीच्या काळात यूरोपीय छापणारे तागी व मिश्र कापडावर भारतीय पद्धतीचे प्रयोग करीत राहिले. कर्दूची पत्रे व बोल्यूच्या नोंदी या भारतीय कारागिरांच्या विद्येचा शोध घेण्याच्या प्रयत्नांचाच भाग होत.

फ्रान्समध्ये रंगांच्या दर्जाचे नियमन यापूर्वीच सुरू झाले होते. कोलबेअर या मंत्र्याच्या १६६९ च्या नियमांनी पक्के रंग व कच्चे रंग वापरणारे रंगारी असे दोन वेगळे वर्ग केले होते. विद्युत् विषयक संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या द्यू फे याने १७३० नंतरच्या दशकात रंगविलेले नमुने उन्हात ठेवून आणि ठराविक द्रावांत उकळून त्यांची परीक्षा करण्याच्या पद्धती बसविल्या. पक्केपणा हा कारागिराच्या शब्दावर न सोडता कसोटीने ठरविण्याची ही सुरुवात होती. बंदी उठल्यानंतर १७६० मध्ये ओबेरकाम्फ याने व्हर्सायजवळील झुई येथे काढलेला छपाईचा कारखाना पक्क्या रंगांबद्दल नावाजला गेला.

यूरोपीयांना सर्वांत अधिक अडचण निळीची आली. विरघळलेली, क्षपित नीळ हवेचा स्पर्श होताच ऑक्सिडीकरणाने पुन्हा अविद्राव्य होते. त्यामुळे ती ठशावर घेईपर्यंतच निकामी होई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर दोन उपाय निघाले. एकात निळीत हरताळ व डिंक मिसळून ऑक्सिडीकरण लांबविले जाई व ती ब्रशाने घाईने लावली जाई. दुसऱ्यात बारीक वाटलेली अविद्राव्य नीळच छापून नंतर कापड चुना व हिराकस यांच्या कुंडांत आळीपाळीने बुडवीत. त्यामुळे ती कापडावरच विरघळून तंतूत शिरे. या दुसऱ्या उपायामुळे निळीच्या बारीक नक्षीची छपाई मेणाविना शक्य झाली.

ताम्रपट्ट व रूळ छपाई : आयर्लंडमधील डब्लिनजवळ ड्रमकॉन्ड्रा येथे फ्रान्सिस निक्सन याने १७५२ मध्ये कोरलेल्या तांब्याच्या पट्ट्याने पक्क्या रंगात कापड छापण्यास प्रारंभ केला. लाकडी ठशात न साधणारी सूक्ष्म रेघ व छायाभेद यामुळे शक्य झाले. परंतु पट्टे एकमेकांशी जुळविणे अवघड असल्याने ही छपाई बहुधा एकरंगी राहिली. १७८३ मध्ये टॉमस बेल या स्कॉटिश गृहस्थाने कोरलेल्या तांब्याच्या रुळांनी अखंड छपाई करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले व ते १७८५ च्या सुमारास लँकाशरमध्ये प्रेस्टनजवळ चालू झाले. या यंत्रात रुळाच्या कोरीव खाचांत रंगाची खळ भरली जाते, पोलादी पाते पृष्ठभागावरील जादा खळ निपटून काढते आणि दाबाखाली खाचांतील खळ कापडावर उतरते. एडवर्ड बेन्स याने १८३५ मध्ये लिहिल्याप्रमाणे एका माणसाच्या देखरेखीखालील असे एक यंत्र ठशांनी छापणारे शंभर पुरुष व त्यांच्या मदतनीस शंभर मुली यांच्याइतके काम करीत असे.

वेगाबरोबर रंगाच्या दर्जाचे नवे प्रश्न आले. खाचा उथळ असल्याने ठशाच्या तुलनेने कापडावर खळ कमी पडे. अनेक रंगांच्या छपाईत आधी पडलेल्या रंगावरून पुढचे रूळ जात व तो रंग दाबला जाऊन त्याचा उठाव कमी होई. छापण्याची क्रिया मिनिटांची झाली, तरी बंधक स्थिर होण्यास लागणारे दिवस कमी होत नव्हते. म्हणून कारखानदारांनी छापलेले कापड उबदार, दमट हवेत टांगून ठेवण्याच्या मोठ्या खोल्या बांधल्या. सैल राहिलेले बंधक पांढऱ्या भागावर पसरू नये म्हणून ते कापड शेणाच्या कुंडातून नेत. भारतीय कारागिराची शेणाची क्रिया अशा प्रकारे लँकाशरच्या कारखान्यातही अनेक दशके चालू होती. जॉन मर्सर याने शेणाऐवजी फॉस्फेटादी लवणे सुचविल्यावर ती मागे पडली. मर्सरनेच १८४४ मध्ये दाहक सोड्याची सुतावरील क्रिया अभ्यासण्यास सुरुवात करून १८५० मध्ये तिचे पेटंट घेतले. या क्रियेने सूत अधिक रंग शोषते आणि तोच रंग अधिक गडद दिसतो.

वाफेचे रंग व कृत्रिम रंजके : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून रंजक व बंधक एकाच खळीत मिसळून छापण्याची व नंतर कापड वाफवून रंग बसविण्याची पद्धत रूढ झाली. वाफेने खळ ओलसर होते, रंजक तंतूत शिरते आणि तेथे बंधकाशी संयोग पावते. आधी बंधक छापून मग मंजिष्ठात उकळण्यापेक्षा ही कृती फार आखूड होती व तीत रंगांची विविधताही अधिक होती. मात्र तिचे रंग मंजिष्ठाच्या रंगांइतके पक्के नसत. याहून सोपा प्रकार म्हणजे कथिलाची लवणे मिसळलेले, न वाफविता नुसते सुकविलेले रंग. ते अत्यंत तेजस्वी व स्वस्त असत आणि तितकेच कच्चे. एकाच दुकानात एकाच नक्षीचे दोन दर्जांचे कापड मिळू लागले आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतील भेद ग्राहकास ओळखता येईना.

डब्ल्यू. एच. पर्किन याने १८५६ मध्ये ‘मॉव्ह’ हे पहिले व्यापारी कृत्रिम रंजक तयार केल्यावर ही स्थिती अधिक तीव्र झाली. ॲनिलिनापासून मिळणारी ही रंजके रेशमावर सरळ चढत. सुतावर ती टॅनिन व अँटिमनीचे लवण यांच्या साहाय्याने बसवावी लागत आणि उजेडात लवकर विटत. १८८४ मधील काँगो रेड या रंजकाने बंधकाशिवाय सूत रंगविता येऊ लागले, पण ते धुलाईत टिकत नसे व आम्लाच्या स्पर्शाने निळे पडे. क्रिया जितकी सोपी, तितका दुवा कमकुवत, असा अनुभव वारंवार येत गेला.

याला अपवाद ॲलिझरिनाचा. मंजिष्ठातील हेच मुख्य रंजक ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ मध्ये कृत्रिम रीतीने बनविले. रेणू तोच असल्याने बंधकावर बसविल्यावर त्याचा पक्केपणाही तोच राहिला. उलट छटा अधिक एकसारखी मिळू लागली. त्यामुळे दक्षिण फ्रान्समधील मंजिष्ठाची शेती थोड्याच वर्षांत नष्ट झाली. भारतात मध्य भारत व वऱ्हाड या भागांतील आलीची लागवड याच कारणाने ओसरली. आलीच्या मुळ्यांपासून मिळणाऱ्या लाल रंगाची जागा डब्यांतून येणाऱ्या जर्मन ॲलिझरिनाने घेतली. शेतकऱ्याचे पीक गेले, परंतु छापणाऱ्याची हिरडा, तुरटी व उकळणे ही कृती कायम राहिली. म्हणून कापडाच्या लाल रंगाची पत टिकली. कृत्रिम म्हणजे कच्चे व नैसर्गिक म्हणजे पक्के, हा सर्वसाधारण समज किती अपुरा आहे, हे यावरून लक्षात येते. हळदीचा पिवळा नैसर्गिक असूनही कच्चाच असतो.

पक्क्या रंगांचा पुरस्कार : विटणाऱ्या रंगांविरुद्ध प्रतिक्रिया प्रथम कलावंतांकडून आली. विल्यम मॉरिस याने १८७५ नंतर लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल याच्या साहाय्याने नीळ व मंजिष्ठ यांचे जुने प्रयोग पुन्हा केले आणि १८८१ पासून मर्टन ॲबी येथील आपल्या कारखान्यात निळीने सबंध रंगविलेल्या कापडावरील रंग ठशाने काढून नक्षी उठविण्याची पद्धत वापरली. तिची कापडे महाग होती व थोड्यांच्याच आवाक्यातील राहिली. सर्वसामान्य बाजारासाठी हा प्रश्न जेम्स मॉर्टन या कापड उत्पादकाने हाती घेतला. १९०२ च्या सुमारास लंडनमधील एका दुकानाच्या खिडकीत मांडलेले आपल्याच कारखान्याचे कापड थोड्याच दिवसांत विटल्याचे त्याच्या दृष्टीस पडले. त्याने उपलब्ध रंजकांचे नमुने उन्हात ठेवून पाहिले, टिकणारी मोजकीच रंजके निवडली व न विटण्याच्या हमीसह कापड विकण्यास सुरुवात केली.

या हमीस रसायनशास्त्राचा आधार लवकरच मिळाला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली होती. १९०१ मध्ये रने बोन याने इंडॅन्थ्रीन ब्लू हे निळीप्रमाणेच क्षपणाने विरघळणारे, पण ऊन व धुलाई या दोहोंत विलक्षण टिकाऊ असे कुंड रंजक शोधले. त्यानंतर थोड्याच वर्षांत वाफेच्या उष्णतेवर क्रिया करणारे स्थिर क्षपणकारक उपलब्ध झाले. ते कुंड रंजकाबरोबर खळीतच मिसळता येऊ लागल्याने क्षपण छपाईनंतर वाफवताना कापडावरच घडू लागले. हरताळ व ब्रश यांनी दीडशे वर्षांपूर्वी अर्धवट सुटलेला प्रश्न अशा प्रकारे पुरा सुटला.

विसाव्या शतकातील पद्धती : जपानी कागदी छेदनक्षीशी नाते सांगणारी स्क्रीन छपाई १९३० च्या आसपास कापडधंद्यात स्थिरावली. ताणून बसविलेल्या जाळीच्या उघड्या भागांतून खळ कापडावर ढकलली जाते. रुळाच्या मानाने ती भरपूर पडते व दाबली जात नाही, म्हणून रंग अधिक भरदार व उजळ दिसतात. १९६३ मध्ये नेदर्लंड्समधील स्टॉर्क कंपनीने निकेलच्या पोकळ नळकांड्यांची फिरती स्क्रीन पुढे आणली व रुळाचा वेग आणि जाळीचा उठाव एकत्र आले. त्यानंतर कोरीव तांब्याचे रूळ झपाट्याने मागे पडले.

याच सुमारास दुव्याच्या स्वरूपातही मूलगामी बदल झाला. इंग्लंडमध्ये रॅटी व स्टीफन यांच्या संशोधनातून १९५६ मध्ये, म्हणजे मॉव्हच्या शतकपूर्तीच्या वर्षी, विक्रियाशील रंजके बाजारात आली. अल्कली माध्यमात ती सेल्युलोजाशी सहसंयुजी बंधाने जोडली जातात. जणू रंग तंतूचाच भाग बनतो. रंग उजळ व धुलाईत पक्के मिळतात. या छपाईसाठी स्टार्चाची खळ चालत नाही, कारण स्टार्च सेल्युलोजासारखेच असल्याने रंजक त्याच्याशीही संयोग पावते व कापड कडक होते. म्हणून समुद्रशैवलापासून मिळणारे अल्जिनेट वापरतात. रंजकाचा काही भाग तंतूऐवजी पाण्याशी संयोग पावून निरुपयोगी होतो. तो पूर्णपणे धुऊन काढला नाही, तर उत्तम रंजक वापरूनही कापड रंग सोडते. ‘रंग जातो’ अशी तक्रार पुष्कळदा रंजकाची नसून अपुऱ्या धुलाईची असते.

रंगद्रव्य छपाई ही १९३७ पासून प्रथम अमेरिकेत प्रसार पावली. तीत अविद्राव्य रंगकण बहुवारिकाच्या थराने कापडावर चिकटवून उष्णतेने पक्के करतात. धुण्याची गरज जवळजवळ नसल्याने ती सर्वांत स्वस्त असून कोणत्याही तंतूवर चालते. तिचे रंग उजेडात चांगले टिकतात. परंतु पक्केपणा थराच्या पकडीवर अवलंबून असल्याने गडद छटा घासल्यावर, विशेषतः ओल्या असताना, सुटतात आणि कापडाचा स्पर्श ताठर होतो. पॉलिएस्टरसाठी कागदावर छापलेली नक्षी सु. २००° से. तापमानास कापडावर दाबतात. रंजकाचे संप्लवन होऊन वाफ तंतूत शिरते. सुतास मात्र ही पद्धत सरळ लागू पडत नाही. १९९० नंतर आलेल्या अंकीय फवारा छपाईत साचाच लागत नाही. सूक्ष्म थेंबांनी असंख्य छटा मिळतात. फवाऱ्यासाठी शाई पातळ असावी लागत असल्याने अल्कली, यूरिया व अल्जिनेट हे पदार्थ कापडावर आधीच चढवितात. साधन नवे असले, तरी सुतावरील रंगाचा टिकाऊपणा विक्रियाशील रंजकाच्या वाफवण्या-धुण्यावरच ठरतो. कारागीर कापड हिरड्यात भिजवून तयार करीत, त्याच क्रमाची ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल.

मापन : आंतरराष्ट्रीय मानकांनुसार उजेडातील पक्केपणा १ ते ८ या श्रेणींत मोजतात. त्यासाठी निळ्या लोकरीचे आठ प्रमाणनमुने असून प्रत्येक पुढचा नमुना आधीच्यापेक्षा साधारण दुप्पट टिकाऊ असतो. धुलाई, घाम व घर्षण यांसाठी १ ते ५ श्रेणी असून छटेतील बदल व शेजारच्या पांढऱ्या कापडावर लागलेला डाग यांची करड्या रंगाच्या प्रमाणपट्टीशी तुलना करतात. घर्षणाची परीक्षा कोरड्या व ओल्या अशा दोन्ही फडक्यांनी घेतात.

भारतातील स्थिती : रंजकांच्या रसायनाचा भारतातील अभ्यास १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या रासायनिक तंत्रविद्या विभागात वाढीस लागला. या विभागाचे संचालक व पुढे १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा कृत्रिम रंजकांवरील ग्रंथ १९५२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला व जगभर प्रमाण मानला गेला. ठशांच्या छपाईत विसाव्या शतकाच्या मध्यास नॅप्थॉल व अन्य जलद रंजके शिरली व हिरडा-तुरटीची दीर्घ कृती अनेक ठिकाणी मागे पडली. १९७० नंतर अजरखादी प्रकारांत ती पुन्हा प्रयत्नपूर्वक आणली गेली. कर्करोगजनक अमाइने निर्माण करू शकणाऱ्या काही ॲझो रंजकांवर भारताने १९९७ पर्यंत बंदी घातली.

पक्क्या रंगासाठी रंजकाइतकेच पाणी महत्त्वाचे ठरते. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधील धमडका येथील पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले. लोह हे स्वतःच बंधक असल्याने तुरटीवरील लाल रंग त्यामुळे मळकट होऊ लागले आणि अनेक खत्री कुटुंबांनी भूजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसविले. याच्या उलट, पाली, बालोत्रा व जेतपूर या छपाईच्या केंद्रांत धुलाईचे रंगीत सांडपाणी नद्यांत जाऊन पाणीच निरुपयोगी झाल्याच्या तक्रारी न्यायालयांपर्यंत गेल्या. तंतूस न जोडले गेलेले रंजक कापडातून काढल्याशिवाय रंग पक्का होत नाही आणि काढलेले रंजक कोठे तरी जातेच. रंगद्रव्य छपाई पाणी वाचविते, पण रंग पृष्ठभागावरच ठेवते. विक्रियाशील छपाई रंग तंतूशी जोडते, पण धुण्यास भरपूर पाणी मागते. थोड्या पाण्यात पूर्ण संयोग घडविणारी रंजके व शाई शोधणे आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, या दिशांनी संशोधन चालू आहे. शेण, ऊन व वाहते पाणी यांच्या साह्याने कोरोमंडलच्या कारागिराने जो प्रश्न आठवड्यांच्या श्रमाने सोडविला होता, तोच आता मिनिटांच्या वेगाने व पाण्याच्या मोजक्या वापराने सोडवावयाचा आहे.